वांग्यांच्या वाफ्यातला आईचा आवाज

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेतात माझ्या आईचा आवाज लावलेला होता. आई स्वतः तेव्हा सुरतेला, भावाच्या घरी होती. आवाज तेवढा बांबूला बांधलेल्या भोंग्यातून यायचा आणि वांगी-मिरचीच्या वाफ्यांवरून थेट गाडीरस्त्यापर्यंत पोचायचा. "पंपले हात लावशात ते मन्हाशी गाठ शे!" पंपाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. रस्त्याने जाणारा माणूस दचकून आधी स्वतःच्याच हाताकडे बघायचा. अळ्यांना भिववण्यासाठी हे सगळं चाललंय, असं माझे वडील सांगत होते आणि मी ते खरं मानत होते.

आधी पंपाचं सांगते. आमचं गाव रनाळ्याच्या पुढे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर कापूस केला, आणि कापूस केला म्हणजे फवारणी आलीच. तोंडाला फडकं बांधायचं, हातात मोजे घालायचे, वारा पाठीशी घ्यायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. पाठ होतं एवढंच. भादव्यातल्या उकाड्यात फडकं कोण बांधतो? एका दुपारी ते पाठीवरच्या पंपासकट कपाशीत खाली बसले. घामाने निथळत होते, तोंडातून लाळ येत होती आणि मला ओळखत नव्हते. मी नेमकी माहेरी आले होते. चुलतभावाच्या टेम्पोतून त्यांना नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी सबंध रस्ताभर त्यांना शिव्या देत होते. मला भीती वाटली की शिव्याच सुचतात. आईवर गेलेय मी.

आबा वाचले. पण घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांसमोर बजावलं, की पुन्हा हे औषध अंगावर गेलं तर माझ्याकडे आणू नका, माझ्या हातात काही राहणार नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला होता, तो म्हणजे आबांना पंपापासून लांब कसं ठेवायचं.

कारण आबांच्या मते पंप बंद म्हणजे शेती बंद. कापूस आणि गहू त्यांनी कुरकुरत चुलतभावाकडे बटाईने दिला. विहिरीजवळचा तुकडा मात्र सोडला नाही. त्यात भरताची वांगी, मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर. पंप विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगला. आई म्हणाली, भंगारात द्या. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, कोनले लागी ते." तेव्हा पंप खुंटीवर राहिला आणि आईचा डोळा पंपावर राहिला.

आईच्या धाकाबद्दल काय सांगू! तसा तिने आबांना कधी काही केलेलं नाही. नुसता आवाज. ती मागच्या दारातून "ओऽ" म्हणाली, की आबा असतील तिथे थिजतात. हातात तंबाखू असली तर मूठ मिटते, पाय उचललेला असला तर खाली टेकत नाही. आवाज पुढे गेला, की मग हळूच हालचाल सुरू होते. लहानपणी मी भाजी निवडताना एका भुंगेऱ्याला काडी लावली, तर तो पाय आखडून उताणा पडला. मी "मेला, मेला" म्हणून रडायला लागले. आबांनी मला थोडं थांबायला सांगितलं. जरा वेळाने भुंगेरा उठून चालू लागला. "त्याले बी बायको व्हई," आबा म्हणाले.

असं सगळं जमून गेलं असतं, पण वहिनीला दिवस राहिले. तिच्या आईच्या गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे बाळंतपणाला आमच्याच आईने सुरतेला जायचं ठरलं. तेही चांगले काही महिने. आनंदाची गोष्ट होती, पण आईची झोप उडाली. मी नंदुरबारला राहते, घरी ब्लाऊज शिवते, आणि हिवाळा म्हणजे आमची लग्नसराई. तरी मी म्हटलं, "मी दर रविवारी जाईन."

"आन सोमवारथीन शनिवारलोंग?" आईने विचारलं.

आबांनी मात्र तोऱ्यात शब्द देऊन टाकला. नातवंड घेऊन तू आलीस की सगळ्यांना भरीत घालतो, माझ्या वावरातल्या वांग्यांचं, औषधाचा थेंब न मारता. आई त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दखसू." बघेन. ती काही विश्वास ठेवायला तयार नव्हती आणि मला वाटतं, आबाही नव्हते.

आई निघायच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर कृषी सहायक मॅडम आल्या. चटपटीत मुलगी, स्कूटीच्या पुढे मिरचीचं रोप ठेवून आली होती. तिने रोपाच्या शेंड्यावर एक ढालकिडा सोडला, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. शेंड्याला मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, चिकटला होता. ढालकिड्याने त्यातला एक मावा पकडला, त्यासरशी शेजारच्या माव्यांनी पानावरचे पाय सोडले आणि ते टपाटप खाली पडले.

"पकडलेला मावा एक वास सोडतो," मॅडम म्हणाल्या. "तो वास आला की बाकीच्यांना कळतं, पळा."

मग त्यांनी एक हिरवी अळी दाखवली. ती मजेत पान कुरतडत होती. मॅडमनी मोबाईल जवळ नेला आणि गांधीलमाशीची भुणभुण लावली. अळी थांबली. डोकं जरासं वर उचललेलं, तशीच राहिली. भुणभुण बंद झाली तरी ती बराच वेळ हलली नाही. अळीला कान नसतात म्हणे, पण अंगावरच्या बारीक केसांना हवा थरथरलेली कळते.

"गांधीलमाशी अळीला उचलून नेते. म्हणून ती नुसती जवळ आली तरी अळी खाणं सोडते. अशी सारखी घाबरत राहिली तर तिचं पोट भरत नाही, अंग धरत नाही. तेव्हा माश्यांची पोळी जाळू नका आणि औषध मारून या मित्रकिड्यांना मारू नका."

मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, बायकोले घाबरना ते मानूस बी खानं सोडस का?" सगळ्या ओट्याने आबांकडे पाहिलं.

"नही," आबा शांतपणे म्हणाले. "मी बराबर जेवस."

मॅडमनी सांगितलं होतं, माश्या ठेवा. आबांनी घरी नेलं ते एवढंच, की आवाज ठेवा. माश्या आल्या तर येतील, नाही तर नाही, आवाज मात्र आपल्या हातात. मोबाईल आहे, माश्यांचं पोळंही आहे, मोटारीच्या खोलीत पत्र्याखाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तिकडे गेले. पोळं होतं नेमकं पंपाच्या खुंटीच्या वर. आबांनी बादली पालथी घातली, तिच्यावर चढले आणि मोबाईल धरलेला हात उंच केला.

आई आणि मी त्याच वेळी वांगी तोडायला तिकडे आलो होतो, सुरतेला न्यायला. आईला दारातून दिसलं ते असं. नवरा बादलीवर उभा, समोर पंप आणि हात वर.

"ओऽ! काय करी ऱ्हायनात तठे?" माझ्या कानाशीच ती कडाडली. "डॉक्टरनी काय सांगं व्हतं? पंपले हात लावशात ते मन्हाशी गाठ शे! उतरा खाले! आज मी घरमा शे तवय हाई, मी गयी म्हनजे काय करशात?"

आबा थिजले. हात वरच राहिला, मोबाईल चालूच राहिला. आश्चर्य म्हणजे माश्याही जागच्या हलल्या नाहीत. सगळं बोलणं रेकॉर्ड झालं, शेवटी आईचा आवाज जरा फुटला तोसुद्धा. मग मी हसायला लागले आणि आबा उतरून मोबाईल दाखवू लागले, तेव्हा आईला उमगलं. "आस्सं व्हय," ती म्हणाली आणि पदराने चेहरा पुसून वांगी तोडायला निघून गेली.

संध्याकाळी गाडीची वाट बघत नंदुरबार स्टेशनच्या बाकावर बसलो होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "सुरतथीन मन्हा आवाज कोनले ऐकू येवाव शे?" मला तिचा हात धरावासा वाटला, पण दोन्ही हातांत तिच्या पिशव्या होत्या.

पुढच्या रविवारी मी स्कूटीवरून शेताकडे वळले आणि ब्रेकच दाबला. समोरून आई ओरडत होती. गावात फिरणाऱ्या कांदे-बटाटेवाल्याने नवा भोंगा घेतला होता. त्याचा जुना आबांनी मागून आणला, रनाळ्याच्या बाजारातल्या मोबाईलवाल्याकडून त्यात रेकॉर्डिंग भरून घेतलं आणि वाफ्याच्या मधोमध बांबूवर बांधला. आधी माश्यांची भुणभुण, मग आई, मग पुन्हा भुणभुण. संपलं की पहिल्यापासून.

"आबा, मायना आवाज तरी कापाले सांगता," मी म्हटलं.

"कापता येस नही म्हने," आबा म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी मोबाईलवाल्याला मनातल्या मनात गाढव ठरवलं आणि मिरचीच्या ओळीत जाऊन बसले. मला खरंच बघायचं होतं. अळ्या होत्या, हिरव्या, पानाच्या कडेला लागलेल्या. भुणभुण सुरू झाली, तशा त्या एकेक करून थांबल्या. एक तर पान सोडून धाग्याला लोंबकळली. मग आईचा आवाज आला. लोंबकळणारी तशीच लोंबकळत राहिली.

आबा माझ्या शेजारी उकिडवे बसले होते, डोळे लकाकत होते. "अळी माशीले भ्यास का तुन्ही मायले, ते काय समजत नही," ते म्हणाले.

गावाला तर चैनच झाली. कोणी कुणाच्या सायकलीला हात लावला तरी "मन्हाशी गाठ शे" व्हायला लागलं. शेजारच्या कपाशीत वेचणीला सातपुड्यातल्या बायका आल्या होत्या, काठी गावाच्या बाजूच्या. होळीला परत जायचं म्हणून त्यांचे दिवसभर बेत चालायचे. त्यांना आमची भाषा फारशी येत नव्हती, पण आईचं ते वाक्य त्यांनी अस्सं उचललं, की भोंग्याच्या आधी त्याच म्हणायच्या आणि मग एकमेकींच्या अंगावर पडून हसायच्या. आबांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते पानं उलटून उलटून अळ्यांची भीती तपासत बसायचे.

मग अळ्या शहाण्या झाल्या. मला ते एका रविवारी दिसलं. भोंगा भुणभुणत होता आणि अळी खात होती. मी डोळे पानाला लावले. भुणभुण, कुरतडणं, भुणभुण, कुरतडणं. मधे आई कडाडली तरी घास चुकला नाही. मिरचीच्या पानांची चाळण व्हायला लागली होती आणि वांग्यांचे काही शेंडे माना टाकून होते.

मॅडम रस्त्याने चालल्या होत्या, त्यांना आबांनी हाका मारून बोलावलं. त्यांनी बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. "काका, नुसता आवाज येतो, माशी येत नाही, हे त्यांना कळलं. किती दिवस घाबरतील? धाकामागे कुणीतरी यावं लागतं."

"मंग आते?"

"थांबा थोडं. फवारणी नाही, तेव्हा खऱ्या माश्या येतील. पानं थोडी खाल्ली तरी झाड मरत नाही."

थांबणं हे आबांच्या स्वभावात नाही. शिवाय सुरतेहून फोन आला होता. मुलगी झाली होती, आणि महिना-सव्वा महिन्याने सगळे बाळाला घेऊन गावी येणार होते. आबा फोनवर हसत होते, पण त्यांची नजर वांग्यांवर होती. बांधावरून जाणारा जो तो सांगून जात होता, "एक हात मारी दे ना भो, कोन दखी ऱ्हायना?"

त्या आठवड्यात मला चैन पडेना. एका नवरीचे ब्लाऊज हातात होते, तरी मशीन झाकून मी मधल्याच वारी दुपार उतरताना निघाले. घरी कोणी नव्हतं. शेतात आले, मोटारीच्या खोलीत डोकावले. खुंटी रिकामी होती.

टेम्पोतला तो रस्ता, मांडीवरचं ते ओलं डोकं, सगळं एकदम अंगावर आलं. मी धावत सुटले. तुरीच्या ओळींमधून वाफे दिसले आणि आबा दिसले. ते हौदाजवळ पाठमोरे उभे होते. पंप हौदाच्या काठावर, पाण्याने भरलेला, झाकण उघडं. आबांच्या हातात औषधाची बाटली. मी ओरडायला तोंड उघडलं.

भोंग्यावर भुणभुण चालू होती. ती संपली आणि माझ्याआधी आईच बोलली. "ओऽ! काय करी ऱ्हायनात तठे?"

आबा थिजले. मी त्यांना आयुष्यभर असं थिजताना पाहिलंय आणि दरवेळी हसलेय. त्या दिवशी नाही हसले. आई पुढे बोलत गेली, डॉक्टर, पंप, गाठ, आणि शेवटचं ते आवाज फुटलेलं, मी गेले म्हणजे काय कराल. पुन्हा भुणभुण सुरू झाली. आबा तसेच उभे. मग त्यांनी बाटली हौदाच्या काठावर ठेवली. तिचं बूच लावलेलंच होतं. आणि ते खाली बसले.

मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा म्हणाले, "पंप गळस का ते दखी ऱ्हायंतू."

"आन बाटली? ती बी गळस का?" माझा आवाज आता फुटला आणि असा फुटला, की शेजारच्या कपाशीतल्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. मी काय काय बोलले, आठवत नाही. डोकं मांडीवर घेऊन पुन्हा त्या रस्त्याने जायचं नाहीये मला, एवढं नक्की बोलले. आणि रडले. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुन्हा आवाज बी तिनासारखाच शे," शेवटी ते म्हणाले. "आते दोन भोंगा व्हई गयात."

पंपातलं पाणी त्यांनी स्वतः मिरचीच्या बुडाशी ओतलं, पंप स्वतः नेऊन खुंटीला टांगला. बाटली चुलतभावाकडची होती, ती मी परत नेऊन दिली आणि त्यालाही दोन शब्द ऐकवले. मला रात्री झोप छान लागली.

आणि मग माश्या आल्या. मॅडमनी सांगितलं तसंच. आधी एखाददुसरी, पाय लोंबवत वाफ्यावरून फिरणारी. मग पत्र्याखालच्या पोळ्यावरच्या माश्यांची वाटच पडली, खोली ते वाफा, वाफा ते खोली. आबांनी फोन करून मला सांगितलं, की माशीने अळी पकडली, तिथेच चावून तिची गोळी केली आणि घरी नेली. "डबा लई गयी," ते म्हणाले. ते आता दिवसभर तिथेच असायचे. माशी आली की अळ्या पानाखाली दडायच्या, थिजायच्या, काही खाली पडायच्या. गंमत म्हणजे त्यानंतर भोंग्यालाही वजन आलं. नुसत्या भुणभुणीनेही अळ्या पुन्हा दचकायला लागल्या, कारण आता मागून खरंच कुणीतरी येत होतं. मिरचीला नवी पालवी फुटली. काही वांगी किडली, ती म्हशीला गेली. बाकीची हिरवीगार, हाताएवढी धरली.

भावाचं कुटुंब आलं ते रिक्षाने थेट शेतातच. आईच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली नात होती. आई रिक्षातून एक पाय खाली ठेवते न ठेवते तोच भोंगा गरजला, "पंपले हात लावशात ते मन्हाशी गाठ शे!"

आईने पाय पुन्हा आत घेतला. "हाई कोन?"

"तूच शे, माय," मी म्हटलं.

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. भाऊ हसून बेजार, वहिनी पदर तोंडाशी धरून उभी. आईने बाळ तिच्याकडे दिलं आणि ती तडक मोटारीच्या खोलीकडे निघाली. आम्ही सगळे मागे. आबा सगळ्यांत मागे. आई दारात थांबली आणि एक पाऊल मागे सरकली. पंप खुंटीवर होता, धुळीने माखलेला. त्याच्या पट्ट्याखाली गांधीलमाश्यांनी दुसरं नवं पोळं धरलं होतं, वाटीच्या तोंडाएवढं, आणि त्यावर माश्या दाटीने बसल्या होत्या. आता पंपाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, आईचीही नाही.

"बरं शे," ती म्हणाली, आणि मला वाटतं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले.

दुपारी भरीत झालं. गेल्या सालच्या कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजली. धूर नि करपलेल्या सालीचा तो वास आला, की माझी भूक दुप्पट होते. वांगी सोलून लाकडी ठेचणीने ठेचली, मिरची-लसणाचा ठेचा तेलात परतून त्यात घातला, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. एकाही वांग्यात अळी निघाली नाही. आबा प्रत्येक वांगं फोडताना सगळ्यांना दाखवत होते. वहिनीला मात्र आईने भरीत चाखूही दिलं नाही, बाळंतिणीला वांगं चालत नाही म्हणून. ती बिचारी डिंकाचा लाडू खात आमच्या पानांकडे बघत होती.

आबांनी मॅडमना बोलावलं होतं, कांदे-बटाटेवाल्याला आणि मोबाईलवाल्यालाही. मोबाईलवाला माझ्या समोरच्या पंगतीत होता. माझ्या मनात त्याचा राग होताच. मी भाकरी वाढताना म्हटलं, "दादा, एवढं मोठं दुकान तुमचं, आन एक आवाज कापता येत नाही?"

त्याचा घास हातातच राहिला. "कापता येत नाही? ताई, मी आबांना बोललो होतो, काकूंचा आवाज काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. तेच नाही म्हणाले."

पंगत थांबली. आई तेलाची वाटी घेऊन उभी होती, तिने आबांकडे पाहिलं. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरतात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"माशीना आवाज अळीसाठे," ते पानाकडे बघतच म्हणाले. "तुन्हा मन्हासाठे."

कुणी हसलं नाही. मला तो हौदाचा काठ आठवला. आईने वाकून त्यांच्या भरतावर तेल वाढलं, डॉक्टरांनी सांगितलंय त्यापेक्षा जास्त, आणि पुढच्या पानाकडे गेली.

आठवडाभर राहून ती पुन्हा सुरतेला निघाली. वहिनी कामावर रुजू होऊन घडी बसेपर्यंत तिला तिथेच राहायचं होतं. निघताना म्हणाली, "आते तो भोंगा दी टाका परत. पंपवर माश्या बठेल शेत. गावमा मन्ही इज्जत ऱ्हायनी नही." आबांनी मान डोलावली.

पुढच्या रविवारी मी शेताकडे वळले. वांगी संपत आली होती, मिरचीही उतरली होती, अळ्यांनी खावं असं फारसं काही उरलं नव्हतं. आणि लांबूनच आई ऐकू आली. आवाज जरा कमी केलेला होता, एवढंच. आबा बांबूजवळ बांधावर बसले होते.

"आबा, आते कोनले घाबरावतस?" मी विचारलं.

"कोनलेच नही." त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. "घरमा लई चिडीचूप वाटस. अळ्यासले सवय व्हई गयी व्हती ना तिना आवाजनी? माले काय आजूनलोंग व्हयनी नही."

मी त्यांच्याजवळ बसले. ऊन छान कोवळं होतं, वेचणीच्या बायका दूरवर गात होत्या. भुणभुण संपली आणि भोंग्यातून आई "ओऽ" म्हणून ओरडली, तशी आबांनी हातातली तंबाखूची पुडी पटकन मांडीखाली सरकवली.